पाण्याची खूण

आमच्या घरात काळाची मोजणी इसवी सनाने होत नसे. एखादी गोष्ट पानशेतच्या आधीची आहे की नंतरची, एवढेच विचारले जाई. वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांची विम्याची पावती, आत्याच्या लग्नातला एकमेव फोटो, वाड्याच्या भाडेपावत्यांचे बाड, यांपैकी काहीही मागितले की उत्तर ठरलेले असे : "ते पानशेतात गेलं." पुढे कळले की हे उत्तर अर्ध्या पुण्याचे होते, आणि न सापडणाऱ्या कागदांपैकी काही तरी मुळातच कधी अस्तित्वात नसावेत. ते काहीही असो. १२ जुलै १९६१ या तारखेला पानशेतचे धरण फुटून आमच्या कुटुंबाचा सगळा लेखी इतिहास मुठेच्या पाण्यात गेला आणि मी त्यानंतर दोन वर्षांनी, गोखलेनगरच्या अर्धगोल छपराच्या निसेन हटमध्ये, पूरग्रस्तांच्या घरात जन्मलो.

आजीचे बिऱ्हाड पुराआधी शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडच्या एका वाड्यात होते. वाडा पडला, पण त्याची एक दगडी भिंत उभी राहिली. मी सहा-सात वर्षांचा असेपर्यंत आजी मला वर्षातून एकदा तरी तिथे नेत असे. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक तपकिरी पट्टा होता. आजी मला त्याच्याखाली उभे करी, माझ्या डोक्यावर हात ठेवी आणि अजून किती बाकी आहे ते सांगे. इतर मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मोजली जात असेल; माझी पुराच्या खुणेने मोजली गेली. मी त्या खुणेपर्यंत कधीच पोहोचलो नाही, कारण १९७०च्या दशकात ती भिंतही पाडली गेली आणि तिथे इमारत उभी राहिली. नदीकाठच्या पेठांमध्ये अशा खुणा आणखीही होत्या. दर रंगकामात त्यांतली एखादी पुसली जात गेली.

पानशेतचे धरण कसे फुटले, हे मी मोठा झाल्यावर वाचले. मातीच्या धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्याच पावसाळ्यात पाणी साठवले गेले. विमोचकाजवळचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या वाटेजवळचा, बांध खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि शहराला थोडा का होईना अवधी मिळवून दिला. सकाळी धरण फुटले, ते पाणी खडकवासल्यावर आले, १८७९ साली बांधून पुरे झालेले ते जुने दगडी धरणही टिकले नाही, आणि दुपारपर्यंत लकडी पुलासह नदीवरचे पूल पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर पुण्याला प्यायला पाणी नव्हते, कारण शहराचा पाण्याचा साठाच वाहून गेला होता. पेठांमधल्या ज्या विहिरी नळ आल्यावर लोकांनी विसरून टाकल्या होत्या, त्या पुन्हा उपसाव्या लागल्या. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि अहवालही आला. आजीच्या लेखी मात्र या सगळ्याचा सारांश एका वाक्यात मावत असे : "घाई केली रे त्यांनी, पाण्याला घाई चालत नाही." तिला अभियांत्रिकीतले काहीही कळत नव्हते आणि तरी अहवाल वाचल्यानंतर मला तिच्या वाक्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

मी व्यवसायाने आरेखक. चौतीस वर्षे खासगी कचेऱ्यांमध्ये इमारतींचे नकाशे काढले. आधी ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने, नंतर संगणकावर. आरेखकाचे सारे आयुष्य रेषांत जाते आणि प्रत्येक रेषेला एक अर्थ ठरलेला असतो. भूखंडाची हद्द वेगळी, बांधकामाची मर्यादा वेगळी, अस्तित्वातले वेगळे, प्रस्तावित वेगळे. या सगळ्या रेषांमध्ये दोन रेषा अशा आहेत की ज्या माणसाने आखल्या असल्या तरी ठरवल्या पाण्याने आहेत. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात करायचे झाल्यास जोते लाल रेषेच्या वर घ्यायचे, असा साधारण नियम आहे. नियम समजायला अवघड नाही. अवघड आहे ते "वर्षांतून एकदा" हे शब्द.

हे शब्द ऐकले की माणूस बिनधास्त होतो. २०१९ मध्ये पूर येऊन गेला ना, मग आता २०४४ पर्यंत घोर नाही, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी अगदी गंभीरपणे सांगितले होते. प्रत्यक्षात २५ वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता असलेला पूर. तो गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुट्टी घेत नाही. कुणी निळ्या रेषेला खेटून घर घेतले आणि त्यावर २० वर्षांचे कर्ज काढले, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा तरी पाहण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५६ टक्के असते. शंभर वर्षांच्या पुराचा हाच हिशेब केला तर उत्तर १८ टक्क्यांच्या आसपास येते. हप्त्यांचे कोष्टक देणारा कुणी हे कोष्टक त्यासोबत देत नाही. शहराचा विकास आराखडाही वीस वर्षांच्या हिशेबाने होतो. पुण्याचे आराखडे १९६६, १९८७ आणि २०१७ साली मंजूर झाले, म्हणजे व्यवहारात त्यातही दहा वर्षांपर्यंतची दिरंगाई धरावी लागते. ज्या नदीचे गणित शंभर वर्षांचे, तिच्या काठाचे नियोजन वीस वर्षांच्या तुकड्यांत, आणि ते राबवणाऱ्यांच्या बदल्या तीन वर्षांनी. पाण्याची स्मृती या सगळ्यांपेक्षा लांब असते.

इथे एक कबुली देणे भाग आहे. १९९०च्या दशकात मी ज्या कचेरीत होतो तिथे उपनगरातल्या एका गृहप्रकल्पाचे काम आले. जागेच्या मोजणी नकाशात एक ओढा होता, चांगला बारा-पंधरा फूट रुंद, वळणावळणाचा, काठाला दोन उंबर आणि एक करंज नोंदलेले. उन्हाळ्यात मी जागा पाहायला गेलो तेव्हा त्यात पाणी नव्हते. एक म्हैस बसलेली होती. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी तो ओढा भूखंडाच्या कडेला सरळ नेला आणि त्याच्या जागी दोन समांतर तुटक रेषा काढल्या. तुटक रेषा म्हणजे जमिनीखालून जाणारा पाइप. वळणे गेली, उंबर गेले, म्हैस अर्थातच गेली, आणि इमारतींच्या मांडणीत आणखी एक इमारत बसली. काम नीटनेटके झाले म्हणून साहेबांनी शाबासकी दिली. पाइपचा व्यास कोणत्या पावसाला धरून काढला, हे मी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. त्या भागात आता दर दोन-तीन वर्षांनी तळघरातल्या गाड्या बुडतात आणि वर्तमानपत्रात "अचानक आलेल्या पाण्याने" असा शब्दप्रयोग येतो. तो वाचला की मला ती म्हैस आठवते. पाणी अचानक आलेले नसते, ते नेहमीच्या वाटेने आलेले असते.

शब्द कसे बदलतात तेही पाहण्यासारखे आहे. माझ्या लहानपणी पुण्यात ओढे होते. माझ्या नोकरीच्या काळात त्यांचे नाले झाले. आता त्यांना गटार म्हणतात. ओढा म्हटले की त्याला उगम असतो, काठ असतो, क्वचित एखादा मारुती असतो. नाला म्हटले की तो बांधून काढण्याची वस्तू होते. गटार झाकायचे असते. शहराने पाणी न बुजवता आधी त्याचे नाव बुजवले आणि मग उरलेले काम सोपे झाले.

आंबिल ओढ्याची गोष्ट या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून तो पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा उतरत मुठेला मिळतो. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला त्याच ओढ्यावर तलाव बांधले आणि तिथून दगडी नळांनी पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांमधल्या हौदांपर्यंत आणले. गावातून वाहणाऱ्या ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. त्या तळ्यातला गणपती म्हणजे आजचा सारसबागेतला. म्हणजे पुण्याने आपले पाणी हलवले, साठवले, वळवले, यात नवीन काही नाही. पेशवाईतही हस्तक्षेप होताच. फरक एवढाच की ज्याने ओढा वळवला त्याने त्याला वाहायला दुसरी जागा दिली होती आणि नळांत हवा कोंडू नये म्हणून मधे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्याची तोंडे, ठेवली होती. आपण वळवतो तेव्हा जागाही देत नाही आणि श्वासही ठेवत नाही.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत पाणी शिरले. भर दिवसाची वेळ, आकाशात ढग नाही, आणि घरातली भांडी रस्त्यावरून वाहत निघालेली. त्या माणसांनी पत्रे पुन्हा ठोकले, मुलांची दप्तरे पुन्हा आणली. वर्ष पुरे व्हायला दोन दिवस बाकी असताना, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, कात्रजच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा दोन्ही काठ सोडून वाहिला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या रात्रीच्या पुराने शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव घेतले. एकाच वस्तीने लागोपाठच्या दोन सप्टेंबरांत माणसाने बांधलेला कालवा आणि माणसाने आवळलेला ओढा, दोन्ही पाहिले.

त्यानंतर जे झाले ते मला जास्त विचार करायला लावते. जून २०२१ मध्ये ओढ्याचा प्रवाह सरळ करायचा म्हणून दांडेकर पुलाजवळची घरे पाडायला यंत्रे आली. ऐन पावसाळा होता आणि त्यात करोनाचे दिवस. बायका रस्त्यावर उतरल्या, त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. पुरापासून वाचवण्यासाठीच तुम्हाला हलवतो आहोत, असे या माणसांना सांगितले जात होते आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. मला त्यात काही चमत्कारिक वाटले नाही. ओढ्याच्या काठावर झोपडी असली तर ती अतिक्रमण ठरते, आणि त्याच ओढ्यावर स्लॅब टाकून वाहनतळ झाला तर ती सुधारणा ठरते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे तो नोटिशीतल्या काळजीवर कसा विश्वास ठेवील? धोक्याच्या जागेतून माणसे हलवावीच लागतात, हे मी पूरग्रस्ताचा मुलगा म्हणून सांगू शकतो. पण ती कुठे जाणार, तिथून धुण्याभांड्याची कामे किती लांब पडणार, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर खरोखर पाणीच राहणार की दुसरे कुणी, या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात आधी हवीत.

आमचे हलणे कसे झाले, ते सांगतो. पुरानंतर सरकारने टेकडीच्या बाजूला, नदीपासून दूर वसाहती वसवल्या. त्या काळाच्या मानाने ते काम फार झपाट्याने झाले, याचे श्रेय द्यायलाच हवे. जागा उंचावर होती आणि पाण्याची भीती कायमची गेली. पण आजीच्या बोलण्यात ती कधीच "आमचं गोखलेनगर" झाली नाही. वाड्यातली अकरा बिऱ्हाडे पाच ठिकाणी विखुरली. हळदीकुंकवाला कोण कुठून येणार? नदीवर कपडे धुणारे, काठाच्या मातीवर जगणारे कुंभार, यांना टेकडीवर घर मिळाले, पण नदी मिळाली नाही. घराखालच्या जमिनीची मालकी नक्की कुणाची, हा प्रश्न त्या वसाहतींमधून अर्धशतकाहून अधिक काळ लोंबकळत राहिला. माझ्या वडिलांनी त्यासाठी घातलेल्या खेपांची वही अजून आमच्याकडे आहे आणि ती मात्र कोणत्याही पुरात गेली नाही. आणि ज्या काठावरून आम्हाला उठवले तो काठ? तो रिकामा राहिला असता तर आजीचे विस्थापन निदान सार्थकी लागले, असे म्हणता आले असते. तिथे पुन्हा घरे झाली, दुकाने झाली, पुढे नदीपात्रातून रस्ताही निघाला.

नदीपात्रातल्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विठ्ठलवाडीजवळ पात्रात भराव टाकून रस्त्याचे काम सुरू झाले होते. नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१३ मध्ये निळ्या रेषेच्या आत भराव नको, असा आदेश झाला. माझ्या माहितीत कागदावरच्या निळ्या रेषेने प्रत्यक्ष जमिनीवर काही अडवल्याचा हा एक ठळक प्रसंग. म्हणजे रेषेत जोर असतो, पण ती कुणीतरी हातात धरून उभे राहावे लागते.

आता २०२४ सालाकडे येतो. माझी धाकटी बहीण सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठेच्या काठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहते. २५ जुलैच्या पहाटे तिचा फोन आला तेव्हा पलंगाच्या पायापर्यंत पाणी होते, बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, फ्रिज हलतोय." फोन बंद पडला. एकतानगरी, निंबजनगर या भागांत त्या सकाळी बोटी फिरल्या आणि पुलाची वाडी इथे हातगाडी हलवायला गेलेल्या तीन तरुणांना विजेचा धक्का बसून प्राण गमवावे लागले. कुणी कुणाला केव्हा कळवले, यावर पुढे पुष्कळ दिवस वाद झाला. मी त्यात पडत नाही, कारण माझे कुतूहल वेगळ्या आकड्यावर अडले आहे.

त्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आकडा छाती दडपवणारा आहे खरा, पण मुठेसाठी निळी पूररेषा साधारण ६० हजार क्युसेकला धरून आखलेली आहे आणि लाल एक लाखाला. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ४५ हजारांहून थोडे अधिक पाणी सोडले गेले होते. मग निळ्या रेषेच्या आकड्याच्या जेमतेम साठ टक्के पाण्याला बहिणीचा फ्रिज का तरंगावा? एक कारण असे की धरणाच्या खालीही पाऊस पडत होता आणि सगळे ओढे भरून नदीला मिळत होते. ते पाणी धरणाच्या आकड्यात धरलेले नसते. दुसरे कारण पात्रात आहे. पुणेकर ज्याला राडारोडा म्हणतात, तो पाडलेल्या बांधकामांचा भुगा ट्रकांनी रात्री नदीकाठी येतो. त्यावर माती पडते, मग पत्र्याची शेड, मग भिंत. शिवाय नव्या पुलांचे खांब आहेत आणि साचलेला गाळ आहे. नदीचे पोट असे आतून भरत आले की तेवढेच पाणी अधिक उंच चढते. मग कागदावरची रेषा खोटी ठरते, कारण ती ज्या नदीची आखली ती नदीच आता तिथे नसते.

धरणांचेही समजून घेण्यासारखे आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही थोडा कमी. घराच्या भाषेत सांगायचे तर वरची तीन धरणे म्हणजे खोल्या आहेत आणि खडकवासला ओसरी. ओसरीवर पाहुणे थांबवून थांबवून किती थांबवणार? येवा, म्हणजे वरून येणारे पाणी, वाढला की काही तासांत दार उघडावेच लागते, मग रात्र असो की पहाट. म्हणून खालच्या शहराने त्या ओसरीकडे कान लावून राहायला हवे. पुण्यात हा कान म्हणजे भिडे पूल. तो पाण्याखाली गेला की गावभर फोटो फिरतात, लोक कौतुकाने बघायला जातात. पूरमापक म्हणून हा पूल नामी आहे, पण तो डेक्कनला आहे आणि माझी बहीण त्याच्या कितीतरी वर, धरणाच्या बाजूला राहते. पूल बुडाल्याची बातमी तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पाणी तिच्याकडून निघून खाली आलेले असते. खरी गंमत अशी की १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जिथे देशभरातल्या नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास होतो, ती या खडकवासल्यालाच आहे. बहिणीच्या गच्चीवरून स्कूटरने फार वेळ लागत नाही.

गेल्या काही वर्षांत नदीविषयी बोलायचे म्हणजे नदीकाठ सुधार प्रकल्पाविषयीच बोलायचे, असे झाले आहे. मुळेचे सुमारे २२, मुठेचे १० आणि मुळा-मुठेचे १२ असे ४४ किलोमीटर काठ, आणि साडेचार हजार कोटींहून अधिक खर्च. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले; एप्रिल २०२३ मध्ये काठावरची झाडे वाचवण्यासाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. मी त्या दिवशी गुडघेदुखीमुळे घरी होतो, पण नंतर तयार झालेला तुकडा पाहायला मुद्दाम गेलो. खोटे कशाला बोलू, बरे वाटले. संध्याकाळी म्हातारी माणसे पायऱ्यांवर बसली होती, मुले सायकली फिरवत होती, आणि ज्या नदीला पुण्याने साठ वर्षे पाठ दाखवली तिच्याकडे तोंड करून बसायला बाक होते. त्याचबरोबर आरेखकाची सवय जात नाही म्हणून उतार पाहत होतो. जिथे वाळुंजे आणि करंजांची दाटी असे तिथे दगडी पिचिंग आणि एकसारखे गवत होते. वास मात्र जुनाच होता.

हा वास हाच माझ्या मते कामाच्या क्रमाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात मुठेत जे वाहते त्यात नदी फार थोडी आणि शहराचे मैलापाणी फार असते. ते शुद्ध करण्यासाठी जपानच्या कर्जाच्या मदतीने अकरा नवीन केंद्रांचा ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ साली ठरला; रोजचे ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता. तो २०२२ पर्यंत व्हायचा होता आणि रखडत गेला. घरातली मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्याचा पडदा बदलणाऱ्याला माझी आजी काय म्हणाली असती ते इथे लिहिता येणार नाही. शिवाय हे पाणी पुण्यात थांबत नाही. ते मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जाते, आणि उजनीतून सोलापूरकर पितात. नदीचे नियोजन महापालिकेच्या हद्दीच्या रेषेवर संपवता येत नाही. पण निवडणूक मात्र त्या रेषेवर संपते.

मला विचाराल तर मी सुरुवात नदीपासून करणारच नाही. मी बावधन-पाषाणकडून येणाऱ्या रामनदीपासून, आंबिल ओढ्यापासून, नागझरीपासून, भैरोबा नाल्यापासून करीन. आणि त्यांनाही येऊन मिळणाऱ्या, ज्यांना नावच उरलेले नाही अशा दोन तुटक रेषांपासून. जुने मोजणी नकाशे काढून प्रत्येक ओढ्याची मूळ वाट आजच्या नकाशावर उमटवावी, आणि ती घर विकत घेणाऱ्याला सातबाऱ्याइतकी सहज दिसावी. नदीकाठच्या प्रत्येक चौकात १९६१, २०१९ आणि २०२४च्या पाण्याची उंची दगडावर कोरावी. याला साडेचार हजार कोटी लागत नाहीत. एक पाथरवट, एक लेव्हल-मशीन आणि लाज नसलेला प्रामाणिकपणा पुरतो. घरांच्या किमती पडतील म्हणून याला विरोध होईल, हे मला पक्के ठाऊक आहे. मी ज्यांच्यासाठी नकाशे काढले त्यांतले निम्मे तरी विरोधकांत असतील.

पाणी उतरल्यावर मी बहिणीकडे चार दिवस राहिलो. चिखल काढला, गाद्या टाकून दिल्या, लग्नातला अल्बम पंख्याखाली एकेक पान सुटे करून वाळवला. पुढे काही आठवड्यांनी, सीमाभिंत बांधावी, की सगळ्या सोसायट्या एकत्र करून उंचावर पुनर्विकास करावा, यावर गच्चीत सभा झाली आणि दोन्ही बाजूंनी आवाज चढले. निर्णय एकच झाला : विजेचे मीटर वर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि त्याने साधा प्रश्न विचारला, "पाणी कुठवर आलं होतं?" सेक्रेटरींनी छातीला हात लावला, दुसऱ्या एकाने खांद्याला, आणि कुणीतरी मोबाइलमधला व्हिडिओ काढला, त्यात अंधार आणि आरडाओरडाच होता. तीन महिनेही झाले नव्हते आणि भिंतीला नवा डिस्टेंपर लागला होता.

तेव्हा वॉचमन पुढे आला. लातूरकडचा मनुष्य, त्या रात्री तोच दारे ठोकत फिरला होता. "काका, इकडं या," असे मला म्हणून त्याने जिन्याखालची, जिथे रंगारी पोहोचला नव्हता ती भिंत दाखवली. तिथे खिळ्याने ओढलेली आडवी रेघ होती आणि तिच्या बाजूला ओबडधोबड आकड्यांत तारीख. मी खिशातला टेप काढला. चार फूट सात इंच. वायरमन म्हणाला, मग पाच फुटांवर बसवतो. वॉचमनने मान हलवली, रेघेवर आपला हात कोपरापासून उभा धरला आणि बोटांच्या टोकाशी खडूने दुसरी खूण केली.

"हितं बसवा," तो म्हणाला.

मीटर आता तिथे आहेत. वाचायला येणाऱ्याला स्टूल लागते.